"बाबा, तिला हे कोणी शिकवलं?"

नागपूरच्या महाल भागातल्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "होळी झाल्यावर कूलर काढला, तर मागच्या जाळीतल्या जुन्या गवतात उंदराची सहा पिल्लं निघाली. अंगावर नुकती मखमल आलेली, डोळे मिटलेले. आई उडी मारून पळाली. आम्ही जाळी तशीच ठेवली आणि लांब जाऊन बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी ती परत आली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून लोखंडी कपाटामागे घेऊन गेली. सहावं नेल्यावरही एकदा रिकाम्या गवतात येऊन हुंगून गेली. तिच्या तोंडात पिल्लू मेल्यासारखं लटकत होतं. माझी अकरा वर्षांची मुलगी तेव्हापासून विचारते आहे, 'बाबा, तिला हे कोणी शिकवलं?' दुसरं म्हणजे, तिच्या मैत्रिणीकडे पांढऱ्या उंदरांची जोडी आहे. त्यातल्या मादीने पहिल्याच वेळची पिल्लं दुसऱ्या दिवशी खाल्ली. मुलींनी पिल्लांना हात लावला म्हणून असं झालं, असं घरचे म्हणतात. मुलगी रडते आहे. खरं काय आहे?"

आधी रडणाऱ्या मुलीला सांगा की फक्त हात लागल्यामुळे आई पिल्लं खात नाही. त्याचं सविस्तर पुढे लिहिते. पण ते नीट कळायला पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी हवं.

मी नागपुरात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. गेली चोवीस वर्षं आमच्या विभागाच्या प्राणिगृहातल्या उंदरांची देखभालही माझ्याकडे आहे. "कोणी शिकवलं?" या प्रश्नाला वर्गात मी बरीच वर्षं एका शब्दात उत्तर देत असे: उपजत. आज तसं म्हणून मला थांबवत नाही. त्या एका शब्दाच्या आत काय काय आहे, ते गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरंच उलगडलं आहे, आणि तुमच्या मुलीला समजेल इतकं ते सोपं आहे.

तुम्ही सांगितलेल्या वर्णनावरून पिल्लं आठ-दहा दिवसांची असावीत. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा गुलाबी, उघडं, आंधळं आणि बहिरं असतं. केस आठवड्याभरात फुटतात, डोळे दोन आठवड्यांच्या आसपास उघडतात. तोवर त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, लघवीसुद्धा आपली आपण होत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा होते, आणि ती लघवी आई पिऊन टाकते. घाण वाटू देऊ नका. दूध देताना अंगातलं जे पाणी जातं, त्यातलं बरंच ती असं परत मिळवते. म्हणजे अशा जिवासाठी आईला चार-पाच कामं न चुकता करावी लागतात: घरटं बांधायचं, बाहेर पडलेलं पिल्लू उचलून आणायचं, चाटायचं, पाठीची कमान करून वर बसायचं आणि कोणी आलं तर अंगावर धावून जायचं. मेंदूवरच्या अभ्यासात यातलं पिल्लू उचलून आणणं सगळ्यांत जास्त तपासलं गेलंय, कारण ते मोजता येतं. पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत पिल्लं ठेवायची, घड्याळ सुरू करायचं आणि शेवटचं पिल्लू घरट्यात पोचलं की बंद करायचं. चांगली आई काही मिनिटांत सगळी गोळा करते. तुमच्या घरी कूलरमागे ही चाचणी कोणी न मांडताच झाली.

आता १९६७ सालाकडे जाऊ. अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठात जे रोझेनब्लाट यांनी मोठ्या जातीच्या उंदरांच्या (रॅट) कधीही न व्यालेल्या माद्यांसमोर रोज नवी पिल्लं ठेवायला सुरुवात केली. पहिले काही दिवस त्या पिल्लांपासून लांब राहत, कोपऱ्यात अंग चोरून बसत. साधारण आठवड्याभरात चित्र पालटलं. त्या पिल्लं उचलून आणू लागल्या, चाटू लागल्या, दूध नसताना पाजायला बसल्यासारख्या त्यांच्यावर वाकून बसू लागल्या. नरांनीसुद्धा हेच केलं. अंडाशय काढलेल्या माद्यांनीही केलं. म्हणजे आईपणाची सगळी जुळणी नर-मादी दोघांच्या मेंदूत आधीपासून तयार होती. गर्भारपण नसलं तरी ती चालू होत होती, फक्त उशिरा आणि पिल्लांच्या सततच्या सहवासाने. व्यालेली आई मात्र पहिल्या मिनिटापासून हे सगळं करते. मग तिच्यात असं काय असतं, जे तिला आठवडाभर थांबू देत नाही?

ते रक्तातून येतं, हे १९७२ साली दिसलं. जोसेफ टर्केल आणि रोझेनब्लाट यांनी नुकत्याच व्यालेल्या मादीचं रक्त नळीने न व्यालेल्या मादीच्या अंगात फिरवलं. आठवडाभराच्या जागी साधारण पंधरा तासांत ती पिल्लांची आई झाली. पुढे रक्तातल्या या द्रव्यांची, म्हणजे हार्मोनांची, नावं निश्चित होत गेली. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन बराच काळ चढलेलं असतं आणि शेवटी एकदम उतरतं. त्याच वेळी इस्ट्रोजेन वर जातं. पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन येतं. प्रसूतीच्या वेळी मेंदूच्या आतच ऑक्सिटोसिन सुटतं. कोर्ट पेडरसन आणि आर्थर प्रांज यांनी १९७९ साली ऑक्सिटोसिन न व्यालेल्या माद्यांच्या थेट मेंदूत सोडलं, आणि त्या तासा-दोन तासांत पिल्लांची काळजी घेऊ लागल्या. वर्तमानपत्रांत ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचं हार्मोन' म्हणतात, ते मला पटत नाही. त्याचं काम पुष्कळ नेमकं आहे आणि ते एकटं काहीच करत नाही. इस्ट्रोजेनने आधी जमीन तयार केली नसेल, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आता जागा. लहान जातीच्या उंदराचा (माउस) मेंदू जेमतेम ०.४ ग्रॅमचा. त्याच्या तळाशी डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. त्या ओलांडणीच्या जरा वर, मधोमध, मोहरीच्या दाण्याएवढा एक भाग आहे. त्याला मीडियल प्रीऑप्टिक एरिया म्हणतात. मी पुढे नुसतं 'प्रीऑप्टिक' म्हणेन. मायकेल नुमान यांनी १९७४ साली दूध पाजणाऱ्या माद्यांमध्ये हा भाग किंवा त्याच्या बाजूला जाणारे धागे तोडले. माद्या चालत होत्या, खात होत्या, धडधाकट होत्या, पण पिल्लं समोर पडलेली असताना त्यांना उचलत नव्हत्या. कोणी म्हणेल, तोंडात धरून नेणंच जमत नसेल. तसंही नव्हतं. नंतरच्या एका प्रयोगात अशाच माद्यांनी पिल्लाएवढ्या आकाराचे गोड खाऊचे तुकडे नीट उचलून आपल्या जागी नेले. जबडा होता, पाय होते, उचलून नेण्याची क्रिया शाबूत होती. पिल्लासाठी ती सुरू करणारं तेवढं गेलं होतं. विद्यार्थ्यांना मी आजही सर्वांत आधी हाच प्रयोग सांगते.

पुढची चाळीस वर्षं प्रश्न हा होता की त्या दाण्यातल्या नेमक्या कोणत्या पेशी. कारण तिथेच नराचं संभोगाचं वागणं, झोप, शरीराचं तापमान यांच्याही पेशी मिसळून बसल्या आहेत. एकाच वाड्यात दहा बिऱ्हाडं राहावीत तसं. हार्वर्डमध्ये कॅथरीन डुलाक यांच्या प्रयोगशाळेने २०१४ साली त्यातलं एक बिऱ्हाड वेगळं काढलं: गॅलॅनिन नावाचं द्रव्य बनवणाऱ्या पेशी. पिल्लांची काळजी घेताना याच पेशी जाग्या होत होत्या, आईच्याही आणि बापाच्याही. त्या मारून टाकल्या की पिल्लं उचलणं थांबलं. मग त्यांनी उलटं करून पाहिलं. लहान जातीच्या उंदरांतला नर, जो कधी मादीजवळ गेलेला नाही, तो अनोळखी पिल्लू दिसलं की बहुधा चावतो आणि मारतो. अशा नरांच्या या पेशींमध्ये प्रकाशाने चालू होणारं प्रथिन बसवलं आणि केसाएवढ्या काचेच्या तंतूतून निळा प्रकाश सोडला. चावणं थांबलं आणि नर पिल्लाला चाटू लागला.

हे वाचलं त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत प्राणिगृहातच बसून होते. आमच्याकडच्या नरांच्या पिंजऱ्यांकडे मी पुन्हा वेगळ्या नजरेने पाहिलं. ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं 'पिल्लं मारणारे' म्हणून वेगळे ठेवत होतो, त्यांच्या डोक्यातही बाप होण्याची सगळी सामग्री बसलेली होती.

डुलाक यांच्या गटाने २०१८ साली त्या पेशींचे धागे कुठे कुठे जातात ते तपासलं, आणि यात तुमच्या कूलरमागचं दृश्य जवळजवळ जसंच्या तसं सापडतं. गॅलॅनिनच्या पेशींतून एक वाट मेंदूच्या खोडात मागे जाते. ती चालू केली की चाटणं वाढतं. दुसरी वाट डोपामाइन, म्हणजे ओढ लावणारं द्रव्य, बनवणाऱ्या पेशींकडे जाते. ती चालू केली की उंदीर मध्ये ठेवलेला अडसर चढून पिल्लांकडे जातो. तिसरी अमिग्डालाकडे, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या मेंदूच्या भागाकडे, जाते. ती चालू असताना आजूबाजूच्या प्रौढ उंदरांत रस कमी होतो. प्रत्येक वाटेच्या पेशी बहुतेक वेगळ्या आहेत. म्हणजे 'ममता' नावाचं एक बटण नाही. चाटणं, ओढ लागणं आणि इतर सगळ्याकडे पाठ फिरवणं, हे वेगवेगळ्या तारांनी एका ठिकाणाहून चालतं. तुमच्या घरात दिवे चालू होते, माणसं होती, तिचा ठिकाणा उघडा पडला होता. तरी ती सहा वेळा आली. ती डोपामाइनची वाट तिला ओढत होती. ही ओढ किती जबर असते, तेही मोजलेलं आहे. खटका दाबला की एक पिल्लू मिळतं अशी सोय केली, तर व्यालेल्या माद्या शेकडो वेळा खटका दाबतात आणि घरट्यात पिल्लांचा ढीग होतो. आणखी एका प्रयोगात नव्या आयांना पिल्लांची जागा आणि कोकेन मिळणारी जागा यांतून निवड दिली. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पिल्लं निवडली. पिल्लं मोठी होत गेली तशी निवड कोकेनकडे झुकली. हे वाईट वाटून घेण्यासारखं नाही. एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं दूध सोडतात, आणि तोवर आईलाही त्यांच्यापासून सुटावं लागतं.

सातव्यांदा रिकाम्या गवतात येऊन हुंगणं मी शंभरदा पाहिलं आहे. पिल्लं मोजते आणि थांबते, असं मला वाटत नाही. शोधायला येते, वास आणि आवाज दोन्ही नाहीत असं पाहते, आणि मग थांबते.

आवाजाबद्दल. तुम्हाला पिल्लांचा आवाज आला नसेल, पण ती ओरडत होती. उघडं पडलेलं, थंडावलेलं पिल्लू ४० ते ८० किलोहर्ट्झच्या आवाजात बोलावतं. आपला कान फार तर २० पर्यंत ऐकतो. आमच्याकडे वटवाघळांचा आवाज ऐकण्याचं एक छोटं यंत्र आहे, जे असा आवाज खाली उतरवून ऐकवतं. पहिल्यांदा ते पिंजऱ्याजवळ धरलं, तेव्हा शांत वाटणारी ती खोली बारीक टिचक्यांनी भरून गेली. पिल्लू घरट्यात परत ठेवलं, उबेत गेलं, की टिचक्या बंद. जर्मनीतले गुंटर एहरेट यांनी १९८७ साली दाखवलं की आई हा आवाज मेंदूच्या डाव्या बाजूने जास्त चांगला ओळखते. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये बियांका मार्लिन आणि रॉबर्ट फ्रोमकी यांनी त्यामागची रचना उघड केली. आवाज ऐकणाऱ्या डाव्या भागात ऑक्सिटोसिन घेणाऱ्या पेशी जास्त असतात. न व्यालेल्या मादीच्या मेंदूत हा आवाज विस्कळीत उमटतो, आणि तिला तो एखाद्या खरखरीपेक्षा वेगळा वाटत नसावा. ऑक्सिटोसिन मिळालं की काही तासांत तिथल्या पेशींमधला आवर सैल होतो आणि आवाज ठळक उमटू लागतो. कान तोच असतो, पण ऐकू येणाऱ्याला अर्थ आलेला असतो.

तोंडातलं पिल्लू मेल्यासारखं का लटकत होतं, तेही इथेच सांगते. आईने उचललं की पिल्लू रडणं थांबवतं, पाय पोटाशी घेतं, हलत नाही, आणि त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. जपानमध्ये कुमी कुरोडा यांच्या गटाने २०१३ साली हे उंदरांत मोजलं, आणि त्याच अभ्यासात सहा महिन्यांच्या आतल्या माणसाच्या बाळांतही. आई बाळाला घेऊन नुसती बसली असताना जे होत नाही, ते ती उठून चालू लागली की होतं: रडं थांबतं, ठोके उतरतात. आजी बाळाला खांद्यावर टाकून ओसरीत फेऱ्या मारते, त्यामागे हेच आहे. पिल्लाने वळवळ केली असती, तर ती उंदरीण एकेकाला कपाटामागे नेऊ शकली नसती. उचलून नेणं दोघांचं मिळून काम आहे.

आता तुमच्या मुलीच्या 'शिकवलं'वर येते. त्याच न्यूयॉर्कच्या गटाने २०२१ साली आई, पिल्लं आणि एक न व्यालेली मादी एकाच पिंजऱ्यात ठेवून दिवस-रात्र चित्रण केलं. आई अनेकदा त्या दुसरीला ढकलून, ओढून घरट्याकडे आणत होती. काही दिवसांत ती मादी स्वतः पिल्लं उचलू लागली. मग मध्ये पारदर्शक भिंत घातली. ती पलीकडून फक्त पाहू शकत होती, तरीही बऱ्याच जणी शिकल्या. भिंत अपारदर्शक केली, तेव्हा तसं झालं नाही. पाहताना आणि ओढलं जाताना तिच्या मेंदूतल्या ऑक्सिटोसिनच्या पेशी जाग्या होत होत्या. तेव्हा मुलीला सांगा: तुमच्या कूलरमधल्या आईला बहुधा कोणी शिकवलं नाही. जोडणी जन्माआधीच झालेली होती आणि गर्भारपणाने ती चालू केली. पण उंदरांतसुद्धा एखादी मावशी आईकडे बघून शिकते, हेही खरं आहे.

गर्भारपण नेमकं काय करतं, याचं मला सर्वांत आवडलेलं उत्तर २०२३ सालचं आहे. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये जॉनी कोल यांच्या गटाने पाहिलं की इस्ट्रोजेन गॅलॅनिनच्या पेशींची एरवीची कुजबुज कमी करतं आणि त्यांना हाक आली की चटकन पेटण्याजोगं बनवतं. प्रोजेस्टेरॉन त्यांच्यावर नवे सांधे फुटवतं, म्हणजे त्यांना अधिक ठिकाणांहून निरोप येऊ लागतात. हे सगळं पिल्लं जन्मायच्या आधी होतं. त्या पेशींवरून या हार्मोनांची जागाच काढून टाकली, तर मादी व्याल्यावरही पिल्लांकडे नीट पाहत नव्हती. आपल्याकडे डोहाळजेवण होतं तेव्हा आईचं शरीर बदलत असल्याचं सगळ्यांना दिसतं. उंदरांत तरी मेंदूही त्याच दिवसांत बदलत असतो.

आता मैत्रिणीच्या पांढऱ्या उंदरीकडे. प्रीऑप्टिकच्या विरुद्ध, जणू तराजूच्या दुसऱ्या पारड्यात, पिल्लांपासून दूर सारणारी आणि मारायला लावणारी यंत्रणाही मेंदूत आहे. अमिग्डाला तिचा भाग आहे. अमिग्डालाचा काही भाग काढला, तर न व्यालेल्या माद्या लवकर आया होतात. न्यूयॉर्कमध्ये डायू लिन यांच्या गटाने २०२३ साली माद्यांमध्ये पिल्लं मारायला लावणाऱ्या पेशींचा एक पुंजका दाखवला. हा पुंजका आणि प्रीऑप्टिक एकमेकांना दाबतात. एक वर गेला की दुसरा खाली. आई होताना पारडं प्रीऑप्टिककडे झुकतं. पहिलटकरणीचं पारडं झुकतं, पण अजून डळमळतं. त्याच वेळी भीती, आवाज, तहान, अपुरं खाणं, अनोळखी नर असं काही आलं, की ते उलटं जाऊ शकतं.

मला न पाहता निकाल द्यायचा नाही. पण अशा वेळी मी काय विचारते ते सांगते. पाण्याच्या बाटलीची नळी अडकली होती का? नागपूरच्या मार्च-एप्रिलात दूध देणाऱ्या मादीला पाणी नसणं हे मी पाहिलेलं सर्वांत नेहमीचं कारण आहे. घरटं बांधायला कागदाच्या पट्ट्या, कापूस असं काही दिलं होतं का, की उघड्या जाळीवरच व्याली? पिंजरा पंख्याखाली किंवा टीव्हीजवळ होता का? आणि पिल्लू आधीच मेलेलं होतं का? मेलेलं किंवा अशक्त पिल्लू आई खाते, कारण सडलेलं घरट्यात ठेवलं तर बाकीची जातील. सकाळी उठून पाहणाऱ्याला तिने मारलं असं वाटतं, पण पुष्कळदा तिने फक्त आवरलेलं असतं.

हाताच्या वासाचं म्हणाल, तर आम्ही तान्ह्या पिल्लांना रोज हातात घेतो, वजन करतो, परत ठेवतो. आया त्यांना घेतात. मी हात लावण्याआधी हातमोज्यांना त्याच पिंजऱ्यातला भुसा चोळते आणि आईला आधी दुसरीकडे खाऊ देऊन गुंतवते. पहिले दोन-तीन दिवस मात्र पिंजऱ्याला हात लावत नाही. मुलींनी वारंवार उघडून पाहिलं असेल, तर त्या धास्तीने भर पडली असू शकते. पण तो त्यांचा गुन्हा नाही. कोणी सांगितलेलंच नव्हतं.

नर त्याच पिंजऱ्यात होता, यावरही काळजी करू नका, तो तिच्याच जोडीचा असेल तर. मादीशी जुगलेला नर साधारण तीन आठवड्यांत, म्हणजे त्याची स्वतःची पिल्लं जन्मायच्या सुमाराला, पिल्लं मारायचं थांबवतो. ग्लेन पेरिगो आणि फ्रेडरिक फॉम साल यांनी १९९० साली नरांना २२ तासांचा किंवा २७ तासांचा कृत्रिम दिवस देऊन पाहिलं. नर तास मोजत नव्हते, उजेड-अंधाराच्या फेऱ्या मोजत होते. इतका दूरचा हिशेब त्या ०.४ ग्रॅमच्या मेंदूत होतो. नर दूर करायचा तो वेगळ्या कारणासाठी: मादी व्याल्यानंतर चोवीस तासांतच पुन्हा गाभण राहू शकते.

एक गोष्ट इथे सांगते, कारण ती आपल्या गावची आहे. एका मे महिन्यात, नवतपात, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्री वीज गेली आणि प्राणिगृहाचा एसी जनरेटरवर चालला नाही. आमच्या प्राणिपालाने मला फोन केला, "मॅडम, माय पिल्लायपाशी बसूनच नाही राहिली." जाऊन पाहते, तर खोलीत ३७ अंश होते. सगळ्या आया पिंजऱ्याच्या लांबच्या टोकाला पोट टेकून पसरल्या होत्या. पिल्लंही एकमेकांपासून सुटून पडली होती आणि वटवाघळांच्या त्या यंत्रावर एकही टिचकी नव्हती. उबेत असलेलं पिल्लू हाक मारत नाही. तरुण सहकाऱ्यांना वाटलं, आयांनी पिल्लं टाकली. पण मायकेल लिऑन यांनी १९७८ साली दाखवलेलं होतं की उंदरीण पिल्लांवर किती वेळ बसेल, हे तिच्या अंगातली उष्णता ठरवते. दूध देणाऱ्या मादीचं अंग आधीच तापलेलं असतं. पिल्लांवर बसली की आणखी तापते, आणि एका हद्दीला उठावंच लागतं. तापमान राखणाऱ्या पेशीही त्याच प्रीऑप्टिकच्या वाड्यात शेजारी राहतात. आम्ही व्हरांड्यातून वाळ्याच्या ताट्या आणल्या, भिजवून खिडक्यांना लावल्या, बॅटरीवरचे दोन पंखे मागे ठेवले. पहाटे चारच्या सुमाराला खोली तीसच्या खाली आली. साडेचारला पहिली मादी उठली, पिल्लं एकत्र केली आणि वर जाऊन बसली. मग एकामागून एक बाकीच्या. दोन पिंजऱ्यांतली पिल्लं मात्र वाचली नाहीत. त्या रात्रीपासून मी कोणत्याही आईबद्दल 'टाकली' हा शब्द वापरत नाही.

दुधाबद्दल एकच सांगते, कारण ते मुलीला आवडेल. मोठ्या जातीच्या उंदरांत पिल्लं सारखी चोखत असतात, पण दूध सारखं येत नाही. पाच-दहा मिनिटांतून एकदा आईच्या मेंदूतल्या ऑक्सिटोसिनच्या पेशी सगळ्या एकदम, दोन-चार सेकंद पेटतात. त्यानंतर काही सेकंदांत दूध सुटतं आणि सगळी पिल्लं एकाच क्षणी अंग ताणून ताठ होतात. हे होतं तेव्हा आई बहुधा गाढ झोपेत असते.

ही सगळी माहिती उंदरांची आहे. माणसातही हायपोथॅलॅमस, म्हणजे प्रीऑप्टिक ज्याला जोडून आहे तो मेंदूच्या तळाचा भाग, आहे, ऑक्सिटोसिन आहे, प्रोलॅक्टिन आहे, आणि प्रसूतीनंतर मेंदू बदलतो. पण एखाद्या बाळंतिणीला पहिल्या आठवड्यात बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर तिला उंदरांचे दाखले देऊ नका. तिला डॉक्टरांकडे न्या. प्रसूतीनंतरचं नैराश्य बरं होतं.

तुमच्या कूलरचं सांगायचं, तर आता जुनं गवत हातमोजे आणि मास्क घालून काढा, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. आणि शेपटी धरून एकामागे एक रांगेने चालणारी पिल्लं घरात दिसली, तर ती चिचुंद्रीची समजा. ती दिसायला उंदरासारखी, पण उंदरांच्या कुळातली नाही. तिच्या मेंदूविषयी यातलं काही जसंच्या तसं लागू करता येणार नाही.

मैत्रिणीची उंदरीण पुन्हा व्याली, तर या वेळी ती सांभाळण्याची शक्यता चांगली आहे. पिल्लांचा थोडासा जरी सहवास मिळाला असेल, तरी तो मेंदूत टिकतो. रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९७० च्या दशकात पाहिलं होतं की व्याल्यावर थोडाच वेळ पिल्लांजवळ राहिलेल्या माद्या तीन-साडेतीन आठवड्यांनीही अनोळखी पिल्लांना लवकर आपलंसं करतात. पिंजरा भिंतीकडेला, सावलीत ठेवायला सांगा. पाण्याच्या दोन बाटल्या, मूठभर कापलेला कागद, आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा भिजवलेले चणे. तीन दिवस फक्त बाहेरून कान द्यायचा. चौथ्या दिवशी आईला खाऊ दाखवून बाजूला घ्यायचं आणि एक पिल्लू तळहातावर उताणं करून उजेडात धरायचं. त्या वयात कातडी इतकी पातळ असते की पोटातलं दूध बाहेरून दिसतं, डाव्या बाजूला, पांढऱ्या ठिपक्यासारखं. ठिपका दिसला की पिल्लू लगेच परत ठेवायचं. तिने त्याला पाजलेलं असतं.